चोच

सीनेकाठच्या पांढरीची माती
पोत्यातून येते, ड्रमात पडते.
खालून पाणी सोडलं की
जड ते तळाला बसतं, खापर, हाड, एखादा काचमणी,
हलकं ते वर तरंगतं.
जळलेलं सगळं हलकं असतं.

फडक्यावर वाळलेला हा कोळसा
महानंदा बिराजदार चिमट्याने निवडते.
जोंधळा एका वाटीत, कुळीथ दुसऱ्या,
बोराची आठळी बशीत.
फेब्रुवारीत नान्नजला तोडणीला गेली असती
तर हजेरी जास्त पडली असती,
पण मांडवाखाली दिवसभर हात वर धरून
खांदे जातात, म्हणते.

काल म्हणाली, "सर, हे द्राक्षाचं हाय."
मी म्हणालो, नसेल. एवढ्या खोल,
सातवाहनांच्या थरात, सोलापुरात द्राक्ष कुठलं?
"नसंल तर नसंल. पण हाय."

भिंगाखाली घेतलं.
पाठीवर वाटोळा ठसा, पोटावर दोन खोबणी,
आणि टोकाला चोच.
आमचं सगळं भांडण चोचीवरचं:
रानवेलाचं बी गोलमटोल, चोच आखूड,
माणसाळलेल्याचं लांबोडकं, चोच लांब.
त्यात आगीत बी फुगतं, चोच आखडते,
म्हणजे पट्टीसुद्धा शपथेवर सांगू शकत नाही.

कॉकेशसच्या अंगाला, आठेक हजार वर्षांमागे,
वेल झाडांवर चढलेले असायचे.
नर वेल निराळा, मादी निराळी,
फळ बारीक, आंबट.
कोल्हा खरंच बोलत होता.
मग कुठल्याशा वेलाला चुकून
एकाच फुलात दोन्ही आलं,
आणि शेजारी नर नसतानाही घोस लागला.
कुणाच्या तरी ते लक्षात आलं.
तिने फांदी तोडली, दाराशी रोवली.
बी नाही रोवलं,
बियातून आईसारखं लेकरू निघत नाही.
तेव्हापासून फांदीच चालते आहे,
ओल्या चिंधीत गुंडाळलेली,
या खांद्यावरून त्या खांद्यावर,
मरायचं विसरलेली.
रस रांजणात ठेवला, तो चुलीवाचून उकळला.
रांजण फुटले;
खापराच्या आतल्या अंगात तो आंबटपणा
अजून सापडतो.

आणि बी?
बी म्हणजे थुंकलेलं.
इथे कुणी मनुका चघळली असेल,
भडोचकडून तांड्याबरोबर आलेली,
किंवा परसात वेल असेल, ठाऊक नाही.
चघळली, आणि बी चुलीत थुंकलं.
ज्या बिया मातीत पडल्या, त्या मातीच झाल्या.
चुलीत पडली ती राहिली.

दुपारी महानंदाने डबा उघडला.
भाकरी, शेंगाची चटणी, आणि भावजयीने दिलेले
घोसातून सुटलेले मणी, लांबट, पिवळसर हिरवे.
चार माझ्या हातावर ठेवले.
खाता खाता थांबली.
"ह्यात बीच न्हाई की ओ.
मग आपलं काय घावंल त्यास्नी?"

मी सांगू लागलो: मांडवाचे अँगल,
तारा, ठिबकच्या नळ्या,
औषधाचे रिकामे डबे...
ती ऐकत होती.
"म्हंजी मांडव घावंल.
काय चढलं हुतं, कळायचं न्हाई."

मी मणी चावला. गोड. अगदी गोड.
जिभेवर थुंकण्यासारखं काही उरलं नाही.

संध्याकाळी कुपीवर चिठ्ठी डकवली:
खड्डा तीन, चूल, बी एक.
नग: द्राक्ष, आणि पुढे प्रश्नचिन्ह.
महानंदा वाकून बघत होती.
"ह्यो आकडा कशाला?"
खात्री नाही म्हणून.
"असू द्या," ती हात पुसत म्हणाली,
"येलाला धराया काय तरी लागतंयच."