सतरा नंबर

शहापूरच्या क्लिनिकातून, टिळकवाडीतून,
आठवड्यातून एकदा निपाणीच्या बसनं
मी दात आणतो.
काचेच्या बाटलीत, मिठाच्या पाण्यात,
झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख.
कंडक्टर विचारतो, लोणचं काय?
मी हो म्हणतो.

निपाणीचे लगेच ओळखू येतात.
वखारीत तंबाखू निवडता निवडता मिश्री लावलेले,
मुळाशी चहाच्या गाळासारखे.
ते हिरेमठ डॉक्टर घेत नाहीत.
त्यांना पाहिजेत कोवळे, बिनडागाचे,
तारा बसवायला जागा हवी म्हणून काढलेले,
म्हणजे काही चूक नसताना काढलेले.

सौजन्या हिरेमठ, गोकाकची पोर.
मराठी बोलते जपून, ओल्या फरशीवर चालल्यासारखी.
"बाळाराम, नेलपेंट आणलात?"
आणलं. बायकोचं, लाल.
सगळ्या दाताला ते फासायचं,
फक्त दोन खिडक्या सोडायच्या, तांदळाच्या कणीएवढ्या.
डावीत फ्लोराइडचा लेप.
उजवीत तोच लेप, वरून लेसर.
मला हिरवा चष्मा देते.
दहा सेकंद. बारीक टिकटिक.
मी नाक पुढं करतो,
जळल्याचा वास येत नाही.

उजेडानं काय होतं हो?
"चुन्याची ओली भिंत बघा. रंग धरत नाही.
जरा ऊन लागलं की पिते."
पुढं तिला शब्द मिळेना,
मग आपल्याच भाषेत म्हणाली,
हल्लु बेळकु हिडीतद.
दात उजेड धरतो.
एवढं कन्नड मला येळ्ळूरच्या बाजारानं शिकवलंय.

सतरा नंबरच्या बाटलीवर अक्षर माझं.
शहापूर, बारा मार्च.
त्या दिवशी मी क्लिनिकात दोनदा गेलो होतो,
एकदा बाटलीसाठी,
एकदा भावेश्वरीला घरी न्यायला.
तोंडात कापूस, आणि हातानंच सांगत होती, आइस्क्रीम.
तिचे दुधाचे सगळे दात
मी कौलावर फेकले, उंदराशी सौदा करून.
हा एक माझ्याच हातानं इथं आला.

लेप धुतला. आता मोजायचं.
किती मुरलंय हे कळायला
तो थर ॲसिडात सोडावा लागतो.
अर्धा मिनिट. मग पुन्हा, खालचा थर.
दुसरा मार्ग नाही, डॉक्टर म्हणाल्या,
मी काही विचारलं नव्हतं तरी.

मशीनवरचा आकडा चढला, अडखळला,
मधेच लाइट गेली.
आम्ही दोघं अंधारात उभे,
जनरेटरची वाट बघत,
माझ्या हातात चिमटा, चिमट्यात ते.
सांगावं का? नाही सांगितलं.
"उजवीकडं जास्त," नंतर ती म्हणाली, "ह्याच्यात तरी."
वहीत लिहिलं. सतरा.

रात्री भावू मोबाइल बघून हसत होती,
तारा लकाकत होत्या.
काय बघतोयस बाबा?
काही नाही.
दात घासलीस काय?