सहा नंबरचा चॅनेल

हॉलमध्ये चार काड्या.
पॅसेजमध्ये, सिलेंडरपाशी, तीन.
मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर दोन,
आणि ऋजुताच्या टेबलाशी पोचेपर्यंत
एकच, तीही मिणमिणती.

तिचे सर तिथे अडकून पडलेले,
तोंड उघडं, हात हवेत,
इंटिग्रेशनची खूण अर्धीच.
"बाबा, करा ना काहीतरी."

एकतीस वर्षं मी अंबडला लेथवर काढली.
बिघाड शोधायची मला एकच रीत ठाऊक:
एका वेळी एकच गोष्ट हलवायची,
मोजायचं, लिहायचं, मग दुसरी.
कॅलेंडरच्या पाठीवर रकाने आखले.

राउटर टीव्हीमागून काढला. फरक शून्य.
शोकेसवर चढवला, गणपतीशेजारी. अर्धी काडी वाढली.
पाणी सिग्नल पितं, असं तौसिफ फोनवर म्हणालेला,
म्हणून माशांची पेटी सरकवली. पाऊण.
मासे दिवसभर कोपऱ्यात रुसून.
लोखंडी कपाट तेवढं राहिलं.
ते माझ्या लग्नातलं, ही म्हणाली,
हात लावायचा तर आधी मला विचारा.
विचारलं.
नाही म्हणाली.

रविवारी तौसिफ आला, हेल्मेट काखेत.
त्याच्या फोनवर रंगीत कमानी,
एकीवर एक, एकीत एक.
"काका, गर्दी बघा.
अख्खं सिडको सहा नंबरवरच बोलतंय."
मी चष्मा लावून नावं वाचली:
बोरस्ते वरचा मजला,
फुकट मिळणार नाही,
आधी अभ्यास कर बंड्या,
आणि सगळ्यांत उंच कमान,
आमच्या मागच्या भिंतीला अगदी खेटून:
निकुंभ सुखरूप.

निकुंभ तर दिवाळीआधीच गेले,
मुलाकडे, कॅनडात.
दूध बंद, पेपर बंद,
कुलपावर कोळ्यानं संसार थाटलेला.
"खाली मीटरपाशी त्यांचा खटका पाडा," तौसिफ म्हणाला,
"कुणाला कळतंय?"

रात्री अकराला बॅटरी घेऊन उतरलो.
जिन्याच्या खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर
काळा, नुसता काळा.
सात मीटर. चौथ्यावर ऑइलपेंटनं नाव,
निकुंभांचं ते उजवीकडे कललेलं अक्षर.
लाल ठिपका लुकलुकत होता,
इतक्या सावकाश, की दोन लुकलुकींच्या मधे
माणूस विसरून जावा कशाला आलो होतो.

खटक्यावर बोट ठेवलं, आणि आठवलं.
जाताना टॅक्सीची काच खाली करून
काकू हिला म्हणाल्या होत्या,
देव न्यायचे नाहीत म्हणाला मुलगा,
पण देव्हाऱ्यासमोर कॅमेरा बसवलाय हो त्यानं,
तिकडून रोज बघेन.

तिकडे आत्ता दुपार.
जेवणं उरकून त्या बसल्या असतील,
हातात फोन,
फोनमध्ये आमच्या भिंतीपलीकडचा अंधार,
अंधारात पितळेचा एक बाळकृष्ण,
जेमतेम ओळखू येणारा.

बोट काढलं.
वर येऊन तौसिफला झोपेतून उठवलं.
"त्यांचं राहू दे. आपलाच हलव."
तो जांभया देत सांगत गेला,
मी तीनदा पासवर्ड चुकवला,
चौथ्यांदा लागला.

सकाळी सरांचा हात खाली आला,
खूण पुरी झाली.
ऋजुतानं मागे वळूनही पाहिलं नाही,
हे मी चांगलं लक्षण धरतो.

शेवटचा रकाना भरला:
चॅनेल अकरा. काड्या अडीच.
शेरा: कपाट जागेवर.
शेजारी चालू.