चादरीएवढा वारा

नव्या पेठेमागच्या बोळात हत्तुरेचं दुकान.
बाहेर मिक्सर दुरुस्तीचा बोर्ड,
आत छताला टांगलेली सात विमानं
पंख्याच्या वाऱ्यात हळूच वळतात,
ओळख असल्यासारखी.

"काय बघलालास बे अंबादास? तेच पुन्हा?"

तेच. मागच्या आखाडात नेलेलं पांढरं,
लांब पंखांचं, अंगानं पापड.
हातातून सोडलं, आणि मी रिमोटची दांडी
डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं,
ते ऐकत होतं फक्त वाऱ्याचं.
कुंभारीच्या माळावरून तुरीत,
तुरीतून उठून कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीवर.
टाकीवाल्या बाईनं वरूनच विचारलं,
"पोरगं कुठाय तुमचं?"
म्हटलं, पोरगं नाही. माझंच आहे.
तिनं एक पंख आधी टाकला, मग बाकीचं.

"वारा किती असतो तिकडं?"

किलोमीटरमध्ये मला सांगता येत नाही.
तीस वर्षं माग दुरुस्त केले, तेवढ्यातलंच सांगतो:
गच्चीवर नॅपकिन राहत नाही,
टॉवेल चिमट्यानं राहतो,
चादर नुसती फडफडते आणि जागेवर असते.

हत्तुरे हसेल असं वाटलं होतं.
त्यानं कानावरचं पेन काढलं.
"म्हणजे चादरीएवढा. मग वजनाचं घे."

वजनाचं?
उडायचंय ना त्याला?

त्यानं लाल काढलं खाली.
पंख आखूड, पोटालगत, पट्टीसारखे सरळ.
"वर उचललेले पंख शांत हवेत आपले आपण सावरतात,
पण बाजूनं झोत आला की
तेच पंख म्हणजे वाऱ्याच्या हातात दिलेली मूठ.
ह्याला मूठ नाही.
तिरकं झालं तर तिरकंच राहील,
सरळ तू करायचं."

आत एक चिमुकली पट्टी आहे म्हणे,
झोका ओळखणारी.
किती मदत करते?
"धागा तुटला की माग थांबतो का नाही, तेवढी.
गाठ तुलाच मारायची."

सात हजार दोनशे.
भाग्यम्मा भांडणार नाही,
ती फक्त हा आकडा एकदा तेलुगूत म्हणेल
आणि भाकरी थापत राहील.

निघताना वर पाहिलं. पांढऱ्याचा जुळा भाऊ
पंख्याखाली माझ्याकडं वळलेला.
हत्तुरे म्हणाला, "ते वाईट नाही रे.
गड्ड्याच्या दिवसांत ये, पहाटे, धूर सरळ वर जातो तेव्हा.
तुला घाई आखाडातच."

घाई आखाडातच. कारण आखाडात
रविवारी माळावर कुणी नसतं,
आणि आमच्या गल्लीतले माग बंद झाल्यापासून
मला कानाला काहीतरी लागतं.

लाल विमान हातातून सुटलं ते दगडासारखं,
खाली गेलं, पोटात माझ्या गोळा,
मग वाऱ्याला नाक लावून वर.
वळवलं, तर वाऱ्यानं ढकलत
पार पूर्वेला नेलं, तुरीच्या टोकाला,
बोराएवढं दिसेपर्यंत.

बॅटरी निम्मी झाली की फिर, असं सांगितलं होतं.
वाऱ्याबरोबर गेलास तर परतीची वाट
त्याच्या तोंडावर असते.

फिरवलं. दांडी पूर्ण पुढं.
आणि ते थांबलं.
हवेत, पूर्ण वेगात, जागच्या जागी,
एकाच मागाचा आवाज करत.
खाली पूर्वेला झुकलेल्या बाभळींची रांग होती,
मी तीच मोजायला धरली.

टाकी दिसली, गच्चीवर तीच बाई,
ह्या वेळी हात वर करून, बोलवत की हाकलत
कळायला मार्ग नाही.

अंगठा दुखायला लागला.
एक बाभूळ मागं गेली.
बराच वेळ काहीच नाही.
मग, बहुतेक, दुसरी.