मान किंचित डावीकडे

होड्यांची नावं रंगवतो मी, देवगड बंदरात, तीस वर्षं.
नाळेवर नाव, खाली नंबर,
मालक चांगला असेल तर एक मासा फुकट.
चाकाची खुर्ची कधी काढली नव्हती.
नगरपंचायतीने नमुना दिला तो
झेरॉक्सच्या झेरॉक्सचा झेरॉक्स,
माणूस कुठला आणि चाक कुठलं, कळेना.

मग बुधाजी कुबलला बसवलं समोर,
बर्फाच्या फॅक्टरीच्या सावलीत, त्याच्याच तीनचाकीवर.
विंचच्या दोराने त्याचा पाय नेला
त्याला आता अकरा वर्षं.
"हलू नको" म्हटलं तरी सारखा दर्याकडे बघे,
कुणाची बोट आली, किती बांगडो मिळालो.
म्हणून माझ्या चित्रातल्या माणसाची मान
किंचित डावीकडे आहे.
सरकारी माणसाची नसते.

निळा चौकोन सुकायला दोन दिवस लागले,
भरायला दोन तास.
पहिली गाडी ठेकेदार मोंडकरची,
ओहोटीला आली ती भरतीलाही तिथेच.
मग आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो: "पाच मिन्टां हां."
मग पुण्याची पांढरी, दारं उघडून
चार धडधाकट उतरले, सुरमईचा भाव विचारत.

बुधाजी तीनचाकी लावी पार पलीकडे,
जाळी शिवणाऱ्यांच्याही मागे,
आणि कुबड्यांवर येई ओल्या खवल्यांवरून,
जिथे दोन पायांची माणसं आपटतात.
लिलावात पोचेपर्यंत
टोपल्या दुसऱ्याच्या रिक्षात चढलेल्या.

आता माझं सांगतो.
मोंडकर एका संध्याकाळी आला,
हातात त्याच्या आप्पांचा पास, काचेवर लावायचा.
आप्पांच्या तेराव्याला मी जेवलो होतो, दोनदा वडे मागून.
"रंग उडालो हा, जरा नवो करून दी."
करून दिला. पन्नास रुपये, वर चहा.
मग त्याच्या मेव्हण्याला नवाच हवा झाला.
मग हॉटेलवाल्याला, जो रोज सकाळी
किल्ल्याचा चढ पळत चढतो, घड्याळ लावून.
सही-शिक्क्याला मी हात लावला नाही.
त्यांचं ते बघतील. मी फक्त चित्र.
चित्र काढणं हा माझा धंदा.
सात झाले.

सातही काचांवर मान किंचित डावीकडे.

परवा बुधाजी थांबला मोंडकरच्या गाडीपाशी.
काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिला.
मी वर फळीवर, 'दर्यासुंदरी'चा अनुस्वार भरत होतो.
"रे, ह्यो मीच मरे?"
"सगळे सारखेच दिसतत," मी म्हटलं.
"नाय. ह्येचा लक्ष बोटीत आसा."
मग पुढच्या गाडीपाशी गेला. तिच्या पुढच्या.
कुबडी काखेत दाबून बोटं मोजली.
"सात गाड्यांत बसलंय मी," म्हणाला,
"आणि माझी गाडी लावूक जागा नाय."
माझ्याकडे बघून नाही म्हणाला.
बोट येत होती कुणाची तरी.

अनुस्वार मोठा झाला माझा.
'दर्यासुंदरी'च्या मालकाला अजून दिसलेला नाही.

आता खाऱ्या वाऱ्याने चौकोन उडाला म्हणून
नगरपंचायतीचा नवा कागद आलाय: पुन्हा रंगवा.
नमुना तोच, झेरॉक्स आणखी एक पिढी पुढचा.
निळा दोन डबे, पांढरा एक.
पट्टी लावून सरळ मान काढता येते मला,
मग ह्या मानेचा माणूस ह्या बंदरात
फक्त त्या सात काचांवर उरेल.
की तशीच ठेवू, वळलेली?
बुधाजीला विचारायला हवं.
विचारायला तोंड हवं.

सकाळपासून डबा उघडून बसलोय,
रंगावर साय धरते, ती काडीने काढतो.
मोंडकरची गाडी चौकोनातून हलली
की सुरुवात करीन.