पंचनाम्यात न आलेलं

दारूबंदी खात्यात सव्वीस वर्षं. जवान म्हणून लागलो,
जवान म्हणूनच सुटलो.
हुद्द्याचं नावच तसं, म्हातारं होऊ देत नाही.

धडगावच्या वर डांबर संपतं.
तिथून पुढे जीप नाकानं चालवायची.
फाल्गुन सरताना पहाटे मोह गळतो,
एक, मग थांबून एक.
खालचा पाला आधीच जाळून ठेवलेला,
काळ्या जमिनीवर ओलसर पिवळट फुलं.
तोंडात टाकलं तर बेदाण्याचा मामेभाऊ.

साहेब विचारायचे, येतोय का रे वास?
मला यायचा. दोन टेकड्यांपलीकडून यायचा.
सर्व्हिस बुकात माझ्या नाकाची नोंद नाही,
बढती मात्र त्याच्यावर साहेबांना दोनदा मिळाली.

जांभीपाण्याला, नाल्याच्या काठी,
तीन दगड, मडक्यावर मडकं,
बांबूची नळी, सांध्याला शेणमाती.
मी काठी उचलली.
लिहिलं : रसायन अंदाजे चाळीस लिटर, जागीच नष्ट.
पंच एक सुरपान पावरा, पंच दोन अंगठा.
रसायन हा खात्याचा शब्द.
मडक्यात फुलं होती, पाणी होतं,
आणि सात दिवस.

ओल अजून नाल्याकडे उतरत होती,
मुंग्या निघाल्या होत्या,
तेवढ्यात ठुमलीबाई म्हणाली, जेवून जा.

जसं काही मी
सोयरीक घेऊनच आलो होतो.

साहेब जीपमध्ये डबा उघडून बसले.
मी जेवलो. खोटं कशाला बोलू.
पळसाच्या पानावर ज्वारीची भाकर, जाड, एका बाजूनं करपलेली.
मोराचा भात.
(मोर म्हणजे पाखरू नव्हे,
उतारावर पिकतं ते बारीक धान्य.
शहाद्याच्या बाजारात विचारलं तर हसतात.)
अंबाडीचा पाला, वर टोळंबीचं तेल.
तेही मोहाचंच, बियांचं, थंडीत तुपासारखं थिजतं.
आणि उडदाची डाळ, आमचूर घातलेली :
कैरीच्या फोडी, दगडांवर वाळवलेल्या,
ज्या व्यापारी पोत्यानं खाली नेतो
आणि त्या बदल्यात वर मीठ पाठवतो.
डाळ इतकी आंबट की डोळे मिटले.
ठुमलीबाईनं आणखी एक पळी वाढली.

बोंडर, तिचा नवरा, उंबऱ्यात बसून दोरी वळत होता.
शब्द नाही बोलला.
ती पोराच्या लग्नासाठी लावलेली होती,
हे मला सुरपाननं परतीच्या वाटेवर सांगितलं.
लग्न पुढे गेलं. देवाला धार पडल्याशिवाय
मांडव उभा राहत नाही त्यांच्यात.
हे पंचनाम्यात कुठल्या रकान्यात लिहायचं?

घरी बायको दारातच नाक मुरडायची,
“तुम्हना आंगले मोहाना वास ये राह्यना.”
पीत नाही गं, फोडतो.
“एकच व्हयनं,” म्हणायची,
आणि कळण्याची भाकर, ठेचा, वर तेलाची धार
ताटात आदळायची.

ती गेली त्याला चार वर्षं झाली.
त्याच सालच्या तापात माझं नाक गेलं.
उदबत्ती नाही, गॅस नाही, काही नाही.

परवा एसटीनं वर गेलो. का गेलो, माहीत नाही.
ठुमलीबाईनं ओळखलं.
काठी कुठाय, म्हणाली.
नातवानं पानाचा द्रोण आणला. पहिल्या धारेची.
तिनं आधी बोटानं चार थेंब मातीला दिले,
नावं घेतली, त्यांत बोंडरचंही होतं,
मग द्रोण माझ्या हातात.

घशातून निखारा गेला. एवढंच.
ज्या वासामागे अर्धं आयुष्य फिरलो
तो त्या द्रोणात होता आणि मी बाहेर.
कशी आहे, तिनं विचारलं.
चांगली, म्हणालो.
ती माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ,
मग उठून चुलीकडे गेली.

डाळ मात्र आंबट लागली.
तेवढीच आंबट.