दिवे की आकडा

गुरुवारी एल आल्तोत बाजार भरतो तेव्हा
रस्ते दिसत नाहीत, फक्त सुटे भाग दिसतात.
गाडीवाचून उभे दरवाजे, आभाळ बघत पडलेले आरसे,
आणि हिलारिया किस्बेर्तच्या निळ्या ताडपत्रीवर
ओळीने निजवलेले ऑक्सिजन सेन्सर.
जुने. कुठकुठल्या गाड्यांच्या धुरात
नाक खुपसून आलेले.

मी खिशातून गेज काढून दाखवलं.
भावाने इकीकेहून आणलेलं, दहा दिव्यांचं,
लाल, पिवळे, हिरवे.
"याला चालेल असा द्या."

तिने गालातली पानं दुसऱ्या गालात सारली.
"हा एकतारी. स्वस्त. पण इंजिनाच्या
उशाशीच बसवावा लागतो, नाहीतर गार पडतो,
आणि गार सेन्सर मुका.
हा चार तारांचा, स्वतःची शेगडी घेऊन आलाय,
मागे बसव, मिनिटभरात बोलायला लागेल.
पण बोलतील दोघंही तेच. यांना दोनच शब्द येतात.
पेट्रोल जास्त. पेट्रोल कमी.
किती, ते विचारायचं नाही."

वडीलही एकतारीच.
पंचवीस वर्षं ट्रक युंगासला उतरवला,
वर कुम्ब्रेला बर्फ, खाली केळी,
आणि मध्ये उन्दुआवीला थांबून
कार्बोरेटरचा जेट बदलायचे, कारण खाली हवा दाट होते
आणि वरच्या मापावर इंजिन उपाशी राहतं.
बॉनेटला कान लावायचे, धूर हुंगायचे.
"जास्त." नाहीतर "कमी."
किती, ते मीही कधी विचारलं नाही.
आता त्यांना डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही
आणि उजव्याने आई म्हणते तेवढंच.

हिलारियाने वाट पाहिली. मग म्हणाली,
"तुला दिवे बघायचेत की आकडा?"

आकडा हवा तर पाच तारांचा,
सोबत त्याची डबी,
आणि हे गेज भावाला परत. या दिव्यांना
एका व्होल्टच्या पुढचं काही कळत नाही.
गेजला कळेल तेवढंच बोलणारा सेन्सर घ्यावा,
नाहीतर दोघं एका गाडीत बसून
वेगवेगळ्या गावांना जातात.

तिच्याकडे तीन होते.
एकाचं टोक खडूसारखं. "हा सिलिकॉनने मेला."
एकावर काजळी. "हा जगेल, पण वाईट वळणाचा."
तिसरा राखाडी, उंदराच्या पाठीसारखा.
चारशे ऐंशी म्हणाली. चारशे दहाला दिला.
बसभाड्यालाही सुटे उरले नाहीत,
डबी काखेत धरून चालत आलो.

प्लासिदोने नळीला नट वेल्ड केला,
घड्याळातल्या दहाच्या काट्यासारखा तिरका,
पाणी साचून आतली चिनीमाती तडकायला नको म्हणून.
पण बसवण्याआधी सेन्सर
मोकळ्या हवेत टांगायचा असतो.
हवा कशाला म्हणायचं, ते तो आधी शिकतो.

आरशाच्या दांडीला टांगला.
समुद्रापासून चार हजार मीटर वर,
जिथे परगावचा पाहुणा जिना चढताना दोनदा बसतो
आणि म्हणतो, तुमच्याकडे ऑक्सिजनच नाही,
तिथे आकडा आला, वीस पूर्णांक नऊ.
समुद्राकाठीही तेवढाच येतो,
डबीतल्या कागदावर लिहिलं होतं.
वाढप तेच. फक्त पंगत विरळ.

इंजिन सुरू केलं. तेरा. साडेबारा. अकरा पूर्णांक आठ.
वडील बाहेर आले, स्वेटर उलटा घातलेला.
सायलेन्सरमागे वाकले,
तळहात धरला, मग तळहात हुंगला.
"जास्त."

"किती?" मी विचारलं. ओरडून.
जन्मात पहिल्यांदा.

त्यांनी हात माझ्या कोटाला पुसला,
दोन बोटांत नखाएवढं अंतर धरून दाखवलं,
आणि पाणी उकळलं का बघायला आत गेले.

मी स्क्रू नखाएवढा फिरवला.
आकड्याकडे लगेच बघितलं नाही.