मागच्या काचेवर

टाकोराडीच्या गाडीतळावर, टायरवाल्याच्या शेजारी
माझं दुकान म्हणजे एक स्टूल, सहा ब्रश
आणि रॉकेलचा डबा.
अक्षराला दोन सेडी. सावली हवी तर तीन.

कोबिना एसिल्फी आला, तेव्हा गाडी जुनी होती, मालक नवा.
म्हणाला, काचेवर लिही:
'आई, तू नको म्हणालीस, तरीसुद्धा मी गाडी घेतली.'
मी बोटांवर मोजलं, त्यानं खिशात.
दोन्ही आकडे जुळेनात.
मग मासळी घेताना कल्ले उघडून बघावेत
तसं त्यानं ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं
आणि एकच शब्द घेऊन गेला:
तरीसुद्धा.
लाल अक्षर, पिवळी सावली.
सावली मी फुकट दिली.

महिन्याभरात कोबिनाला कोणी कोबिना म्हणेना.
'तरीसुद्धा गेला का?' 'तरीसुद्धात जागा आहे का?'
परीक्षेत दोनदा नापास झालेली एक मुलगी
पुढच्या दोन रिकाम्या गाड्या सोडून त्याच्यासाठी थांबायची.
पाद्रीबुवा त्यावर पाऊण तास बोलले.
मासळीवाली अबा भावावरून हुज्जत पडली
की नुसतं त्या काचेकडे बोट दाखवायची.
ज्याच्या त्याच्या घरी
त्या शब्दाच्या आधीचं काहीतरी होतंच.

निवडणूक आली. चष्मेवाला एक माणूस आला,
शब्द कोणाचा, विचारू लागला.
मी म्हटलं, शब्दाला कुठे मालक असतो?
'मग बरंच झालं,' म्हणाला.
आठवड्यात भिंती, छत्र्या, टी-शर्ट, तांदळाच्या पिशव्या,
ट्रकवर बांधलेला कर्णा
पहाटेपासून: तरीसुद्धा! तरीसुद्धा!
कशाला तरीसुद्धा, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.
त्यांना कधी कुणी नको म्हटलंच नव्हतं.
ती मुलगी आता येईल त्या गाडीत चढते.
शब्द साबणाच्या शेवटच्या चकतीसारखा झाला,
हातात येतो, फेस येत नाही.

परवा कोबिना आला. नोटा मोजून स्टुलावर ठेवल्या.
'उरलेलं लिही.'
मी बारीक अक्षरं काढली, दोन्ही बाजूंनी,
मधला मोठा शब्द तसाच ठेवून.
संध्याकाळपर्यंत मान मोडली.
आई गाडीतच होती, मागच्या सीटवर,
रोज तिथेच बसते, काचेकडे पाठ करून.
तिला वाचता येत नाही. खाली उतरली
तेव्हा माझ्या फीफीनं बोट ठेवत ठेवत वाचून दाखवलं.

म्हातारी ऐकून घेते, परत एकदा वाचायला लावते,
मग लेकाकडे वळते:
'नको कधी म्हणाले मी?
पैसे नाहीत म्हणाले होते.'

रंग अजून ओला.
कोबिना माझ्याकडे बघतो.
खोडायचे, मी म्हटलं, वेगळे पडतील.